टीव्हीचं तोंड भिंतीकडे

"ऊन झालंय तर एवढं किंचाळायला काय झालं तिला?" बाबांनी विचारलं.

रविवारची रात्र. डोंबिवलीत टिळकनगरच्या घरी आम्ही सगळे टीव्हीसमोर. पडद्यावर रहस्यमालिका. नायिका दारात उभी राहून ओरडली होती, "खून झालाय!" आणि सोफ्यावरून बाबांनी प्रामाणिकपणे उन्हाची चौकशी केली. आई जिवाच्या आकांतानं म्हणाली, "अहो, खून! खून झालाय!" हे मात्र खालच्या मजल्यापर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं असणार. आमची हसून हसून मुरकुंडी वळली. बाबाही हसले, पण जरा उशिरा. मग त्यांनी रिमोट उचलला आणि आवाज अठ्ठावन्नवरून बासष्टवर नेला.

हा प्रसंग मी आधी सांगतेय, कारण पुढचं सगळं वेड त्या एका 'ख'मुळे लागलं. गेले दोन महिने मी भेटेल त्याला धरून हेच सांगते. ठाण्याहून सुटलेल्या लोकलमध्ये शेजारच्या बाईला सांगितलंय, ऑफिसात डबा खाताना सांगितलंय, भाजीवाल्याला सांगता सांगता थांबलेय. आता तुमची पाळी!

तर आम्ही ठरवून टाकलं होतं की बाबांचे कान गेले. वय चौऱ्याहत्तर. टीव्हीचा आवाज दर सणाला दोन आकड्यांनी वाढत होता. नवीन मालिका लावली की बाबा दहा मिनिटांत पेपर उघडायचे. आई म्हणायची, "यांना हल्ली कशात रसच नाही." मी कल्याणला कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. बाबांना काचेच्या खोलीत बसवून, कानाला हेडफोन लावून, हलक्या शिट्ट्या ऐकवल्या. ऐकू आली की बटण दाबायचं. बाहेर आले ते परीक्षेचा पेपर सोपा गेलेल्या मुलासारखे. डॉक्टरांनी आलेख समोर धरला. आडव्या रेषेवर २५०पासून ८००० हर्ट्झपर्यंतचे सूर, उभ्या रेषेवर डेसिबल. रेघ डावीकडे जवळजवळ सपाट होती, उजवीकडे जरा खाली उतरली होती. "वयानं वरचे सूर थोडे कमी होतात, सगळ्यांचेच होतात," डॉक्टर म्हणाले. "मशीन लावण्याइतकं काही नाही. माझ्याशी कसे व्यवस्थित बोलतायत बघा. बरं, घरी टीव्हीचा स्पीकर कुठे आहे?"

मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

कुठे आहे? त्रेचाळीस इंचांचा टीव्ही, मी स्वतः निवडलेला. पडद्याची कड किती बारीक, रंग किती, रिमोटवर कुठल्या ॲपची बटणं, सगळं मला पाठ. स्पीकर कुठे आहे ते माहीत नाही! आवाज टीव्हीतून येतो, एवढंच आजवर गृहीत धरलेलं.

घरी आले, पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. मोबाइलचा टॉर्च लावला आणि टीव्हीसमोर नाक नेलं. समोर काच. डावीकडे काही नाही, उजवीकडे काही नाही. बातम्या मोठ्यानं चालू ठेवून टीव्हीच्या मागे हात घातला, आणि खालच्या कडेला, पाठीच्या बाजूला, तळव्याला थरथर लागली! बोटाएवढ्या फटींची एक जाळी. दुसऱ्या टोकाला तशीच दुसरी. दोन्हींची तोंडं खाली आणि मागे. मागे भिंत. खाली प्लायवुडचा कप्पा, कारण फर्निचर करताना सुतारानं टीव्हीसाठी खास कोनाडा केला होता आणि आम्ही त्याचं कौतुक केलं होतं. म्हणजे निवेदिका बोलत होती भिंतीशी. भिंतीवर आपटून, कोनाड्यात घुमून जे काही उरेल ते आमच्या वाट्याला येत होतं.

बाबांनी मान हलवली. बाबा पूर्वी हौशी रंगभूमीवर होते. नोकरी सांभाळून राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी करणाऱ्यांतले. ते म्हणाले, "आमचे दिग्दर्शक पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायचे. प्रेक्षकांना पाठ दाखवून वाक्य घ्यायचं नाही. घेतलंस तर शेवटच्या रांगेला नुसता हुंकार पोचतो, शब्द नाही." आणि टीव्हीकडे बोट दाखवून, "हा गृहस्थ पाठ करून उभा आहे!"

आता ऐका. मी स्वयंपाकघरात गेले आणि पोळपाट घेऊन आले. कुठून सुचलं देव जाणे. टीव्हीच्या खालच्या कडेशी पोळपाट तिरका धरला, असा की खाली पडणारा आवाज त्यावर आपटून समोर यावा. आणि काय सांगू! निवेदिका एकदम खोलीत आली. मगाशी ती शेजारच्या घरातून बोलत होती, आता ती समोर बसून बोलायला लागली. पोळपाट काढला, गेली शेजारी. लावला, आली परत. बाबा ताठ बसले. आई म्हणाली, "माझा पोळपाट?" आणि पुढच्या क्षणी, "अगं, थांब, तसाच धर, काय म्हणतेय ती बघू." पाच मिनिटं मी गुडघ्यावर बसून बातम्यांना पोळपाट धरून होते आणि बाबांनी, मी शपथेवर सांगते, आवाज बासष्टवरून चाळीसवर आणला. स्वतःहून!

त्या रात्री मला झोप नाही. हे असं का, ते हवंच होतं. वाचत गेले आणि एकेक गोष्ट उलगडत गेली.

बोलण्यातला जोर असतो स्वरांत. अ, आ, ऊ हे सगळे लांब, भरदार आणि खालच्या पट्टीतले. ते भिंतीवर आपटले, कोपऱ्यात वळले, तरी पोचतात. पण शब्द कळतो तो व्यंजनांमुळे. 'स' आणि 'श' म्हणजे दातांमधून निघालेली हवा, 'ख' आणि 'फ' म्हणजे हवेचा एक छोटा झोत. हे आवाज नाजूक आणि क्षणभराचे, आणि त्यांचा बराचसा भाग २००० हर्ट्झच्या वर. या उंच सुरांचा स्वभाव टॉर्चच्या झोतासारखा. ज्या दिशेला तोंड, त्याच दिशेला सरळ जातात, वळणं घेत नाहीत. स्पीकरचं तोंड भिंतीकडे असेल तर स्वर कसेबसे वळसा घालून येतात आणि व्यंजनं मागेच राहतात. 'खून'मधला 'ख' भिंतीवर राहिला आणि 'ऊन' सोफ्यापर्यंत आलं! ताटात भाताचा ढीग आणि व्यंजनं गायब. त्यात डॉक्टरांच्या आलेखात बाबांची रेघ उतरली होती ती नेमकी तिथेच, वरच्या सुरांत. वयानं जिथे थोडं घेतलं होतं, तिथेच टीव्ही उरलेलं काढून घेत होता. आणि बोल लागत होता बाबांना.

मग आवाज वाढवून का भागत नाही? कारण आवाज वाढवला की भातही तेवढाच वाढतो, ताटातला व्यंजनांचा वाटा काही वाढत नाही. गोंगाट वाढतो, पार्श्वसंगीत वाढतं, शेजारी वाढतात. शब्द तेवढाच.

मला आधी हसू आलं, मग राग. हे आपल्याला येत नव्हतं असं थोडंच आहे? मर्फी रेडिओचा कारखाना आमच्या ठाण्यातच होता! लाकडी पेटी, समोर जाळीचं कापड, कापडामागे चांगला तळहाताएवढा स्पीकर, आणि त्याचं तोंड सरळ ऐकणाऱ्याकडे. मग टीव्ही आला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, आणि बाबांच्या चाळीत पहिला टीव्ही आला तो लाकडी शटरचा. एका खोलीत चाळीस माणसं, दारात मुलं, खिडकीत लोंबकळणारे वेगळे, आणि रविवारचा सिनेमा सगळ्यांना ऐकू यायचा. दारातल्यालाही! आता सहा फुटांवर दोन माणसं मऊ सोफ्यावर बसतात आणि त्यांना शब्द लागत नाही.

फरक जाडीचा. जुन्या टीव्हीत काचेची मोठी नळी असायची, तिच्यासाठी दीड-दोन फूट खोल खोकं लागायचं, आणि त्या खोक्यात स्पीकरला आयती ऐसपैस जागा मिळायची. आवाज म्हणजे हलवलेली हवा. खालचे सूर काढायचे तर पुष्कळ हवा हलवावी लागते, त्याला स्पीकरचा हलणारा शंकू, म्हणजे कोन, मोठा हवा आणि कोनामागे मोकळी जागा हवी. नळी गेली, टीव्ही बोटभर जाडीचे झाले, आणि स्पीकर उरले पट्टीसारखे लांबट, चपटे. मग पडद्याची कड नाहीशी करायची फॅशन आली. समोर काचच काच. मग तोंड कुठे करायचं? खाली. नाही तर मागे.

आणि हे आपण विकत घेताना ओळखत का नाही? आठवून बघा. शोरूममध्ये भिंतभर टीव्ही लावलेले असतात, सगळ्यांवर मोर, धबधबे आणि चिरलेलं कलिंगड. आणि सगळे मुके! पन्नास टीव्ही एकदम बोलायला लागले तर दुकान चालायचं कसं? आम्ही ठाण्यात टीव्ही घेतला तेव्हा अर्धा तास रंगांवर चर्चा केली. आवाजाबद्दल मी एकच प्रश्न विचारला, "किती वॉट?" "वीस, मॅडम." मी समाधानानं मान डोलावली. जणू वीस वॉट म्हणजे वीस तोळे! आपल्याकडे ही जुनी खोड आहे. नव्वदच्या दशकात प्रत्येक टेपवर 'पीएमपीओ' असं छापून हजार हजार वॉटचे आकडे चिकटवलेले असायचे, खरा दम त्याच्या पासंगालाही पुरायचा नाही. वॉट बघून आवाज घेणं म्हणजे शेगडी बघून आमटीची चव सांगणं.

बरं, पोळपाट कायमचा धरून बसता येत नाही. पुढच्या रविवारी आमचे चिरंजीव मदतीला आले. वय चौदा, आत्मविश्वास चाळिशीचा. आजोबांसाठी त्यानं आपला ब्लूटूथ स्पीकर आणला. आवाज स्वच्छ! पण बिनतारी आवाज निघायला आणि पोचायला किंचित वेळ घेतो, सेकंदाचा काही भागच, पण डोळ्यांना तो कळतो. नायकाचे ओठ मिटायचे आणि मग शब्द यायचा. आधी वीज चमकावी, मग गडगडाट व्हावा, तसं. आई म्हणाली, "हे तर दाक्षिणात्य सिनेमा मराठीत केल्यासारखं दिसतंय." स्पीकर परत दप्तरात गेला.

आणि तेव्हा बाबा म्हणाले, "तुझ्या मामाकडे ते खोके आहेत अजून?"

खोके! मी विसरलेच होते. कल्याणला पारनाक्याजवळ मामाचं जुनं घर. मामा गाण्याचा वेडा. १९२६ साली स्थापन झालेला कल्याण गायन समाज हे त्याचं दुसरं घर. त्यानं नव्वदच्या आसपास पगार साठवून सोनोडाइनचा ॲम्प्लिफायर आणि दोन स्पीकर घेतले होते. कलकत्त्याची कंपनी, त्या काळी नाव काढणारी. पुढे कॅसेट गेल्या, सीडी गेल्या, आणि खोके माळ्यावर गेले, जुन्या दिवाळी अंकांच्या शेजारी. मामाला फोन केला तर म्हणाला, "येऊन घेऊन जा, पण विकायचे नाहीत." मी म्हटलं, "मामा, तुझ्या गाण्याच्या खोक्यातून मालिका ऐकणार आहोत." दोन क्षण शांतता. "चालेल. निदान कोणी ऐकेल तरी."

माळ्यावरून खाली आले तेव्हा प्रत्येक खोका भरल्या बादलीइतका जड. जाळी काढली तर कोनाभोवतीची फोमची कड हात लावताच काळा भुगा होऊन पडली. आपल्याकडची दमट हवा! माझं तोंड उतरलं, पण मामा म्हणाला, "कोन चांगला आहे, कड बदलून मिळते." आणि खरंच मिळाली, कल्याणातच, एका बोळातल्या दुरुस्तीवाल्याकडे. त्यानं गोंदानं नवी कड चिकटवली, दोन अंगठ्यांनी कोन हलकेच आत दाबला आणि तो सरळ बाहेर आला तसं म्हणाला, "आणखी वीस वर्षं बघायला नको." ॲम्प्लिफायरचं आवाजाचं बटण फिरवलं की खरखरायचं. त्यात कसलासा फवारा मारून त्यानं ते पाच-पन्नास वेळा पुढे-मागे केलं. खरखर गेली!

रिक्षानं डोंबिवली. मांडीवर एक खोका, शेजारी एक, पायाशी ॲम्प्लिफायर. पत्री पुलावर नेहमीप्रमाणे अडकलो. रिक्षावाल्यानं आरशातून विचारलं, "ताई, लग्न का हळद?" मी म्हटलं, "टीव्ही." त्यानं मागे वळून बघितलं. मग मी त्याला सगळं सांगितलं, अर्थात. उतरताना म्हणाला, "आमची म्हातारी पण असंच करते हो, आवाज वाढव, आवाज वाढव." बघा!

आता जोडायचं कसं? जुन्या ॲम्प्लिफायरच्या पाठीला तांबडं-पांढरं गोल भोक, 'ऑक्स' लिहिलेलं. नव्या टीव्हीला तसं काहीच नाही. पण एक चौकोनी भोक होतं, झाकणवालं, 'ऑप्टिकल' लिहिलेलं. म्हणजे मध्ये एक दुभाषा हवा. काड्यापेटीपेक्षा जरासा मोठा डबा मिळतो, सहाशेच्या आत आला. टीव्हीतून आकडे घेतो आणि ॲम्प्लिफायरला समजेल असा आवाज देतो. ऑप्टिकलची तार टीव्हीत खोचली आणि दुसरं टोक बाबांच्या हातात दिलं, तर त्या टोकाला तांबडा प्रकाश! मोहरीएवढा, लखलखीत. बाबांनी तो तळहातावर पाडून बघितला. लाल ठिपका. "यातून आवाज येतो?" हो. तारेतून वीज नाही, उजेड जातो, आणि उजेडाच्या लुकलुकण्यात आवाज असतो. नातवानं समजावलं. आजोबा बराच वेळ तळहातावरचा ठिपका बघत होते.

सगळं जोडलं. टीव्ही लावला. शांतता! आवाज एक नंबरवर नाही, दहावर नाही. आई म्हणाली, "मी म्हटलंच होतं," जे तिनं म्हटलं नव्हतं. अर्धा तास तारा उपटल्या, खोचल्या. शेवटी सेटिंगमध्ये 'डिजिटल ऑडिओ आउट' नावाची ओळ सापडली. तिथे 'डॉल्बी' होतं, 'पीसीएम' केलं. टीव्ही आकडे गुंडाळून पाठवत होता आणि आमच्या गरीब दुभाष्याला ती गाठ सोडवता येत नव्हती. पीसीएम म्हणजे न गुंडाळलेलं, सरळ.

आणि आवाज आला!

कसा सांगू? मी मोतीबिंदू काढलेल्या माणसांकडून ऐकलंय, की भिंतीचा पांढरा रंग खरंच पांढरा असतो हे त्यांना पट्टी काढल्यावर कळलं. तसं झालं. तीच मालिका, तोच भाग. नायिका दारात आली, "खून झालाय!" आणि तो 'ख'! घशातून सुटलेला, कोरडा, धारदार. त्याच्या आधी तिनं घेतलेला श्वासही ऐकू आला. बाबा म्हणाले, "आता कळलं का किंचाळतेय."

मग बाबा उठले. टीव्हीपाशी गेले आणि पडद्याला कान लावला. परत आले, बसले, परत गेले. म्हणाले, "आवाज टीव्हीतूनच येतोय की! खोके कशाला आणलेत?" टीव्हीचे स्वतःचे स्पीकर आम्ही बंद केले होते. पडद्यातून एक चकार शब्द निघत नव्हता. पण दोन्ही खोक्यांतून सारखाच आवाज सारख्याच वेळी आला, आणि आपण बरोबर मधोमध बसलो, की मेंदू दोहोंची बेरीज करून बोलणाऱ्याला मध्ये उभा करतो, जिथे काहीही नसतं तिथे! मी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे डोकं नेऊन बघितलं. नायिका माझ्याबरोबर सरकली. मधे आले, ती पुन्हा आपल्या ओठांत जाऊन बसली. ही युक्ती ॲलन ब्लुमलाइन या इंग्रज इंजिनिअरची. म्हणतात, सिनेमा बघताना तो वैतागला, की नट पडद्याच्या या टोकाला आणि आवाज त्या टोकाच्या एकाच स्पीकरमधून. १९३१मध्ये त्यानं स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला. आणि आम्ही बसलोय एकविसाव्या शतकात, भिंतीशी बोलणारा टीव्ही घेऊन!

त्या रात्री कोणी जेवायला उठेना. मामा व्हिडिओ कॉलवर. त्याची फर्माईश 'कट्यार काळजात घुसली'. आम्ही २०१५चा सिनेमा लावला. तानपुरा सुरू झाला आणि मी आईकडे बघितलं, आईनं माझ्याकडे. आजवर टीव्हीवर तानपुरा म्हणजे मागे कुठेतरी डास गुणगुणल्यासारखा. आता खर्जाची तार लागली ती सोफ्याच्या लाकडातून पाठीला कळली, आणि तिच्यावर जवारीची ती सोनेरी झिलई, एका तारेतून निघणारे दहा सूर. तबला आला तर डग्गा होता! तुम्ही म्हणाल, डग्गा असतोच. नाही हो, टीव्हीवर नसतो. साधारण दीडशे-दोनशे हर्ट्झच्या खाली या चपट्या स्पीकरांचा दम संपतो, आणि डग्ग्याचा घुमारा तर शंभराच्या आसपास. म्हणजे इतकी वर्षं आम्ही एका हाताचा तबला ऐकत होतो. टक टक टक. दुसरा हात आज दिसला.

मग 'सैराट'. त्याच्या संगीतासाठी अजय-अतुल यांनी थेट हॉलिवूडला जाऊन सिम्फनी ऑर्केस्ट्रा ध्वनिमुद्रित केला, हे २०१६मध्ये मी पेपरात वाचलं होतं आणि मनात म्हटलं होतं, कशाला एवढा खटाटोप? आता कळलं कशाला! व्हायोलिनचा ताफाच्या ताफा डावीकडून उठला आणि हॉलच्या छताला लागला. दहा बाय चौदाचा आमचा हॉल. चिरंजीवांनी मोबाइल खाली ठेवला. हे मी दोनदा लिहायला हवं. मोबाइल खाली ठेवला.

पण मला सगळ्यात जास्त हलवून गेलेली गोष्ट वेगळीच आहे.

बाबा गेली तीन-चार वर्षं जुनेच मराठी सिनेमे बघायचे. तेच ते. 'अशी ही बनवाबनवी' तर महिन्यातून एकदा, आणि प्रत्येक विनोदाला वेळेवर हसायचे. आम्ही म्हणायचो, म्हातारपणी माणूस मागे जातो. आता खोके लागल्यापासून दोन महिने झाले आणि बाबांनी 'बनवाबनवी' एकदाच लावलाय. रोज रात्री नवीन काहीतरी बघतात. परवा मला म्हणाले, अगदी सहज, चहा पिता पिता, "जुने सिनेमे पाठ होते ना. ऐकू नाही आलं तरी चालायचं."

त्यांनी तीन वर्षं काहीच ऐकलं नव्हतं. आठवत होते ते. आणि ते आम्हाला सांगितलं नाही, कारण त्यांनाही वाटत होतं की चूक त्यांच्याच कानांची आहे.

तर आता तुम्ही काय करायचं ते ऐका. खोके प्रत्येकाच्या मामाकडे नसतात, मला मान्य आहे. आधी फुकटचं करा. टीव्ही कोनाड्यात असेल तर बाहेर ओढा, कडेच्या रेषेत आणा. सेटिंगमध्ये 'सराउंड' नावाचं जे काही असेल ते बंद करा, संवाद स्पष्ट करणारा मोड असेल तर तो लावा. ओटीटीवर आवाजाच्या यादीत '५.१' लिहिलेलं आणि साधं असे दोन पर्याय असतील तर साधं निवडा. ५.१मध्ये संवादासाठी मधला वेगळा स्पीकर धरलेला असतो. आपल्या टीव्हीत तो नसतोच, मग संवाद बाकीच्या गदारोळात वाटून दिले जातात आणि बॉम्ब मोठे, बोलणं बारीक असं होतं. हा वैताग फक्त डोंबिवलीचा नाही. २०२०मध्ये क्रिस्टोफर नोलनचा 'टेनेट' आला तेव्हा चांगल्या थिएटरांत बसलेले इंग्रजी भाषक प्रेक्षकही शब्द कळत नाहीत म्हणून कुरकुरत होते. आपण तर घरात, पंख्याखाली, कुकरच्या शिट्टीत बसलोय.

एवढ्यानं भागलं नाही तर माळ्यावर चढा. जुन्या म्युझिक सिस्टिमचे दोन डबे भंगारात द्यायच्या आधी टीव्हीला लावून बघा. बसल्यावर कान जिथे येतो त्या उंचीवर ठेवा, तोंडं थोडी आत, आपल्याकडे वळवा. माळा रिकामा असेल तर साउंडबार घ्या. फार महागडा नको. फक्त टीव्हीच्या पाठीला ज्या एचडीएमआय भोकाशेजारी 'एआरसी' लिहिलंय त्यातच तार लावा, म्हणजे एकाच रिमोटवर काम होतं. पण घेताना दुकानात तो वाजवून बघा. मोर आणि धबधब्यावर नको, बातम्या लावून. डोळे मिटा आणि निवेदकाचा प्रत्येक 'स', 'श', 'ख' मोजा.

आमच्याकडे टीव्हीखालची जागा आता खोक्यांनी व्यापली आहे. आईचा फ्लॉवरपॉट हलला, त्याबद्दल ती अजून अधूनमधून बोलते. पण खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात विचारलं, "हल्ली टीव्ही बघत नाही का हो तुम्ही?" बघतो, काकू. रोज बघतो. आवाज पूर्वीच्या निम्मा आहे, एवढंच.

तुमच्या घरात कोणी "काय म्हणाला तो?" असं विचारत असेल, रिमोटवर आकडा वाढवत असेल, किंवा काही न विचारता पेपर उघडून बसत असेल, तर कानाची तपासणी जरूर करून घ्या. पण त्याआधी, आजच, टीव्ही चालू ठेवून त्याच्या मागे हात घाला आणि तळव्याला थरथर कुठे लागते ते बघा.